न बोलण्याची खोली

मोखाड्याच्या बाजारामागच्या आळीत प्रतिभानं एक खोली भाड्यानं घेतली आणि दारावर पाटी लावली, 'आत कुणीही बोलू नये', तेव्हा आळी चार दिवस हसत होती. हसणारच हो! जिथं दिवस उजाडल्यापासून जीपवाले 'खोडाळा, खोडाळा' करून गळा फाडतात, जिथं शेजारची कोंबडी एक अंडं घालते आणि गावभर डांगोरा पिटते, तिथं असली पाटी पाळणार कोण? पण प्रतिभा नुसती पाटी लावून थांबली नाही. तिनं खिडकीवर गोणपाटं ठोकली, भिंतींना जुन्या गाद्या उभ्या केल्या, त्यावर अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले. आत एका दोरीला जुना टॉवेल बांधला होता आणि त्या टॉवेलला वटवाघळाचं पिल्लू उलटं लटकलेलं होतं. एवढा सगळा बंदोबस्त त्या मूठभर जिवासाठी होता.

प्रतिभा म्हणजे खोडाळ्याच्या मास्तरांची मुलगी. पुण्याला जाऊन प्राणिशास्त्र शिकली, आणि शिकून आली ती वाघळांच्याच मागं लागली. मास्तरांना लोक विचारायचे, "पोरगी एवढी शिकली आणि करते काय?" मास्तर म्हणायचे, "वाघळं काय बोलतात ते ऐकते." ऐकणारा हसत पुढं जायचा. कायद्याच्या पुस्तकातसुद्धा तेव्हा या वाघळांना उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला बसवलेलं, उपद्रवी म्हणून. त्यांचं बोलणं कोण ऐकतो!

पण प्रतिभाचा प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माणसाचं मूल आईचं ऐकून बोलायला शिकतं. कुत्र्याचं पिल्लू मात्र कुणी शिकवो न शिकवो, वेळ आली की भुंकतं. मग वटवाघूळ कुणाच्या रांगेतलं? खोडाळ्याच्या अलीकडे ओढ्याकाठी जुनी आंब्याची झाडं आहेत, त्यांवर मोठ्या वाघळांची वस्ती. तीन उन्हाळे ती त्या झाडांखाली टेपरेकॉर्डर घेऊन बसली. आई फांदीवर येते, साद घालते, पिल्लू उत्तर देतं. सुरुवातीला पिल्लाचा आवाज म्हणजे नुसतं एकसुरी किरकिरणं. मग हळूहळू त्याला चढउतार येतात आणि ते झाडावरच्या बाकीच्यांसारखं बोलू लागतं. हे ऐकून शिकणं आहे, की वयाबरोबर आपसूक येणारं? कळायला एकच मार्ग होता. एक पिल्लू असं वाढवायचं, की त्याच्या कानावर कुठल्याच वाघळाचा आवाज पडणार नाही.

तसलं पिल्लू मागून मिळत नाही. ते चैत्रात मिळालं. विजेच्या तारेला आई चिकटून मेली होती आणि नाळसुद्धा न गळालेलं पिल्लू तिच्या छातीला तसंच धरून होतं. प्रतिभानं ते काठीनं काढलं, पदरात घेतलं आणि पुण्याला तिच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, "प्रतिभा, अशी संधी पुन्हा यायची नाही. पावसापर्यंत सांभाळ. तोवर त्याला एकही आवाज ऐकू देऊ नकोस. मग त्याचा आवाज नोंदव, आणि तुझं काम झालं." एका पिल्लावरनं काय सिद्ध होतं, असं तिनंच विचारलं. सर म्हणाले, "सिद्ध नाही होत, पण दार उघडतं. आणि ते बिघडलं तर तुझ्या तीन वर्षांचं काय राहतं हातात, तूच सांग." काही राहत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

वाघळाचा आवाज नको, एवढंच खरं तर पुरलं असतं. माणसांनीही बोलायचं नाही, हा नियम प्रतिभानं आपल्या पदरचा घातला. सरांना तिनं त्याचं शास्त्रीय कारण दिलं आणि त्यांना ते पटलं. खरं कारण असं, की तिला कुणाशीच बोलायचं नव्हतं.

झालं होतं असं. मागल्या दिवाळीत जव्हारच्या दवाखान्यात प्रतिभा बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच. मुलगी झाली, पडद्यापलीकडे एकदा रडली आणि सकाळ व्हायच्या आत गेली. कुणाची चूक नव्हती, डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. पडद्यापलीकडून ते रडणं आलं तेव्हा प्रतिभानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, "बोलू नका हं, टाके घालतायत." ती गप्प बसली. ती गप्प बसली ती बसलीच.

दूध आटायला गोळ्या दिल्या, दूध आटलं. रडू येईल येईल म्हणून सासू उशाशी बसून राहिली, तेही आलं नाही. घरच्यांनी जुन्या माणसांच्या रीतीनं विषय मिटवला. एवढ्याशा जिवाचं सुतक नाही, बारावं नाही, नाव घ्यायचं नाही. नाव घ्यायचं नाही म्हणजे काय, नाव ठेवलंच नव्हतं तर घेणार काय? शेजारच्या बायका आधी हळहळल्या, मग कुजबुजल्या, "काळीज दगडाचं दिसतंय गं हिचं." प्रतिभानं ते ऐकलं. तिला त्याचंही काही वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी गालाला बधिर करतात ना, मग तो गाल आपला असून आपला नसतो, तसं तिला सगळ्या अंगभर झालं होतं.

तिचा नवरा नीलेश, पंचायत समितीत क्लार्क. माणूस सरळ, बोलायला आधीच काटकसरी. रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की डबा घेऊन खोलीवर यायचा, पाटी वाचल्यासारखं करायचा आणि पायरीवर बसायचा. एकदा शिमग्याच्या सुमाराला, घरी जेवताना, त्यानं सुरुवात केली होती, "प्रतिभा, त्या दिवशी जीपमध्ये मी तिला..." प्रतिभा म्हणाली, "आमटीत मीठ कमी झालंय का हो?" तो म्हणाला, "नाही, बरोबर आहे." त्यानंतर त्यानं काही सांगायचं धाडस केलं नाही. दोघं एका ताटात जेवल्यासारखे जवळ राहत होते आणि एकमेकांशी भाजी-बाजाराचं बोलत होते.

दिवसा प्रतिभा आंब्यांखाली रेकॉर्डिंगला जायची, तेव्हा पिल्लाला दूध पाजायला कुणीतरी हवं होतं. ते काम माघीकडे आलं. माघी ओढ्यापलीकडच्या पाड्यावरची, जमीन ना जुमला, हिवाळ्यात भिवंडीकडच्या वीटभट्टीवर आणि उन्हाळ्यात मिळेल ते. वाघळं मोहाची फळं आंब्यावर आणून खातात आणि बिया खाली टाकतात. त्या बिया वेचून तेल गाळायला माघी दरवर्षी झाडाखाली यायची, तिथली ही ओळख. वयानं ती प्रतिभाच्या आईएवढी, पण तोंडानं भारी. तिला गप्प राहायला सांगणं म्हणजे ओढ्याला वर वाहायला सांगणं.

"बोलायचं नाय? काहीच नाय?" पहिल्या दिवशी तिनं विचारलं.

"खोलीत नाही. पिल्लाच्या कानावर काही जायला नको."

"मंग ते शिकंल काय?"

"तेच बघायचंय, मावशी."

"बघ बाय," माघी म्हणाली. "वीटभट्टीवर सेठ बोलतो, 'काम करते टायमाला खालीपिली बात नाय.' तसंच समजते."

आणि खरं सांगायचं तर बाईनं शब्द पाळला. चिंधीचं टोक शेळीच्या दुधात बुडवून पिल्लाच्या तोंडाशी धरायची, पोट पुसायची, टॉवेल बदलायची, सगळं ओठ मिटून. बाहेर आली की मात्र साठलेलं सगळं आळीवर ओतायची.

वैशाख सरला. झाडावरची पिल्लं एव्हाना चांगली बोलू लागली होती. खोलीतलं पिल्लू वाढलं, अंगावर तांबूस लव आली, पंख पसरू लागलं. आवाज मात्र तोच. प्रतिभाच्या कॉम्प्युटरवर आवाजाचं चित्र निघायचं, रेघांचं. झाडावरच्या पिल्लांच्या रेघा वर चढायच्या, खाली उतरायच्या, वळसे घ्यायच्या. याची पहिल्या दिवशीची रेघ आणि आजची रेघ एकावर एक ठेवली तर सरळच्या सरळ, तशीच. सर फोनवर खूश झाले. "बघ, तुझा अंदाज खरा ठरतोय. ऐकल्याशिवाय शिकत नाहीत. आता फक्त पाऊस लागेपर्यंत कळ काढ." प्रतिभा म्हणाली, "हो सर." फोन ठेवला. आनंद व्हायला हवा, हे तिला समजत होतं. नुसतं समजत होतं.

आणि मग पिल्लानं दूध सोडलं.

आधी थोडं थोडं, मग अजिबात. चिंधी तोंडाशी नेली की मान फिरवायचं आणि रडायचं. रडून रडून थकायचं, डोळा लागायचा, जाग आली की पुन्हा तेच. प्रतिभानं ढोरांच्या डॉक्टरला दाखवलं. तो भला माणूस, त्यानं पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, दुखणं काही नाही याला. म्हशीचं रेडकू आई मेली की असं करतं." सरांना विचारलं तर ते म्हणाले, "दूध बदलून बघ. पण टेप लावू नकोस, प्रतिभा. आयांची साद एकदा ऐकवलीस की सगळं संपलं." टेप लावण्याचा विचार तिनं बोलून दाखवलाच नव्हता. सरांनीच तो बोलून दाखवला. तिच्या पिशवीत त्या झाडावरच्या आयांच्या सादांच्या कॅसेटी होत्या, तीन उन्हाळ्यांच्या.

त्या दिवशी उकाडा मरणाचा होता. प्रतिभा झाडाखालून नेहमीपेक्षा लवकर परतली. आळीत शिरली तर खोलीतून बोलणं ऐकू आलं. पुठ्ठे, गाद्या, गोणपाटं सगळं भेदून माघीचा आवाज येत होता.

"सोन्या... नाय. तुका... नाय. धोंडी आजा... नाय. लक्ष्या, तू हाय काय रे? ... नाय."

प्रतिभानं दार उघडलं. माघी जमिनीवर मांडी घालून बसली होती. मांडीवर पिल्लू, पुढ्यात पाण्यानं भरलेली वाटी, मुठीत तांदूळ. एक नाव घ्यायची, एक दाणा पाण्यात सोडायची, पिल्लाकडे बघायची. पिल्लू रडतच होतं. वाटीच्या तळाला दाणे साचले होते.

"मावशी, हे काय चाललंय?"

प्रतिभाला पाहून माघी दचकली, पण उठली नाही. "नाव शोधते बाय त्याचं. पोर असं उगं रडत नाय. मागं गेलेलं कोणीतरी परत आलेलं असतं, त्याला त्याच्या नावानं हाक पायजे. नाव सापडलं की पोर गप होतं, दूध पितं. माझी सगळी पोरं अशीच गप केली मी."

"अगं, वाघळाचं पिल्लू आहे ते!"

"असंल. रडतंय ना?"

पुण्याची पदवी असो नाहीतर विलायतेची, या प्रश्नाला उत्तर एकच होतं. रडत होतं.

खरं म्हणजे प्रतिभानं चिडायला हवं होतं. एवढे दिवस तळहाताच्या फोडासारखा जपलेला नियम हिनं एका दुपारी मोडला होता. पण राग यायलाही आत काहीतरी जागं असावं लागतं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

"माझ्यातली संपली," माघी म्हणाली. "आता तुझ्यातली बोल. आधी दूध तुझ्या हातचं प्यायलंय, तुझ्याच घरातलं असंल कोणीतरी."

आणि काय झालं कुणास ठाऊक, प्रतिभा बोलू लागली. आजीचं नाव सांगितलं. माघीनं दाणा सोडला. आजोबांचं. दाणा. लहानपणी ओढ्यात गेलेल्या चुलत भावाचं. दाणा. पिल्लाचं आपलं चालूच होतं.

"आणखी?"

"संपली."

माघीनं तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज एकदम खाली आला. "दिवाळीतली पोर?"

प्रतिभा म्हणाली, "तिला नाव नाही."

"ठेवलं नाय?"

"नाही."

"माझी चिमी एक दिसाची होती," माघी म्हणाली. "आमच्या रीतीनं पाटा-वरवंट्याशी नेऊन नाव ठेवलं आणि मंग मातीत दिली. आत्ता पहिलं तिचंच घेतलं मी, तू यायच्या आधी. बिनानावाचं कसं ठेवायचं गो? हाक मारायची तर काय मारायची?"

"मावशी, तू आता घरी जा," प्रतिभा म्हणाली. तिचा आवाज शांत होता, दूधवाल्याला उद्याचं सांगावं तसा.

माघी उठली. पिल्लू तिनं प्रतिभाच्या मांडीवर ठेवलं, वाटी तिथंच राहू दिली आणि दार ओढून घेऊन गेली. तिचा काही राग दिसला नाही. बाहेर आळीत मात्र ती त्या दिवशी कुणाशी एक शब्द बोलली नाही, असं शेजारीण नंतर सांगत होती.

खोलीत प्रतिभा आणि ते रडणं, दोघंच उरली. सरळ रेघेचं रडणं. चढ नाही, उतार नाही, पहिल्या दिवशीचंच. तीन वर्षं ती या रेघा वाचत होती, आणि आज तिच्या डोक्यात लख्ख आलं, की उत्तर तर कधीच मिळालंय. पाऊस कशाला हवा? ज्या रडण्याला कुणी ओ देत नाही, ते पुढं सरकत नाही. जन्मल्या क्षणी होतं तिथंच उभं राहतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आणि लगेच तिला तो पडदा दिसला. पलीकडून आलेलं ते रडणं, एकदाच. आणि आपण तोंड उघडून मिटलेलं. मी ओ दिली नाही. तिनं हाक मारली आणि मी ओ दिली नाही. एवढंच तिच्या मनात फिरत राहिलं, जात्यासारखं, आणि अजूनही डोळ्यांत काही येत नव्हतं.

दार वाजलं. नीलेश डबा घेऊन आला होता. नेहमीप्रमाणं तो पायरीवर बसणार, एवढ्यात प्रतिभा आतून म्हणाली, "आत या."

तो चपला काढून आत आला. पाण्याची वाटी, तांदूळ, रडणारं पिल्लू, सगळं त्यानं पाहिलं.

"माघी विचारत होती, आपल्या मुलीचं नाव काय," प्रतिभा म्हणाली. "मी सांगितलं, नाव नाही."

नीलेशनं डबा खाली ठेवला. बराच वेळ तो डब्याच्या कडीशी चाळा करत राहिला.

"आहे," तो म्हणाला.

"काय?"

"नाव. आहे तिला. मी ठेवलं." "तू दवाखान्यात होतीस. काका म्हणाले, मी नेतो. मी म्हटलं, नाही, मीच नेणार. जीपमध्ये पुढं बसलो, मांडीवर घेऊन. ड्रायव्हर सारखा माझ्याकडं बघत होता. म्हणजे मी... मी बोलत होतो ना तिच्याशी. सगळा रस्ता."

"बोलत होता?"

"मग काय करू? तिला काहीच माहीत नव्हतं इथलं. म्हटलं, निदान सांगावं." तो खाली बघूनच बोलत होता. "शेताच्या बांधावर मातीत देताना काय म्हणून निरोप द्यायचा, कळेना. म्हणून वाटेतच जुई म्हटलं. तुमच्या खोडाळ्याच्या अंगणातली आठवली. दुसरं काही सुचलंच नाही गं. तुला विचारायला हवं होतं."

"जुई," प्रतिभा म्हणाली.

म्हणाली, आणि तिच्या घशातून असा काही आवाज आला की नीलेश घाबरून पुढं झाला. दिवाळीपासूनचं, टाके घालताना गिळलेलं, सासू उशाशी बसून ज्याची वाट बघत होती ते. ती रडली. भिंतीला लावलेल्या गाद्यांना आणि अंड्यांच्या पुठ्ठ्यांना न जुमानता रडली, "जुई, जुई गं" म्हणत रडली, आणि आळीतल्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काळीज दगडाचं म्हणणारीनंच आधी पदर डोळ्यांना लावला.

पिल्लू गप्प झालं नाही. का व्हावं? ते वाघळाचं पिल्लू होतं, त्याची आई तारेवर मेली होती, त्याला जुईशी काय करायचं? ते रडतच होतं. प्रतिभानं नाक पुसलं, पिशवी ओढली, आतून टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट काढली.

"ही लावली की माझं सगळं काम गेलं," ती म्हणाली. "तीन वर्षांचं."

"सर काय म्हणतील?"

"ओरडतील," प्रतिभा म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

आधी ओढ्याचा, पानांचा आवाज आला. मग आंब्यावरच्या आयांची साद, एकीमागून एक, चढत, उतरत, वळसे घेत. पिल्लाचं रडणं मध्येच तुटलं. कान ताठ झाले. त्यानं मान वळवली, त्या काळ्या डबड्याकडे एकटक पाहिलं आणि उत्तर दिलं. त्याच्या त्या सरळ, अडाणी आवाजात, पण उत्तर दिलं. टेपनं पुन्हा साद घातली, त्यानं पुन्हा ओ दिली. प्रतिभानं चिंधी दुधात बुडवून तोंडाशी धरली. त्यानं ती धरली आणि चोखू लागलं, पंख आवळून, घाईघाईनं.

नीलेश बघत बसला. बाहेर जीपवाल्यांचा शेवटच्या फेरीचा गलका चालला होता.

"तुम्ही तिला काय काय सांगितलं, वाटेत?" प्रतिभानं विचारलं.

"असंच. काही ना काही."

"असंच नको. सगळं सांगा. पहिल्यापासून."

नीलेशनं जरा आठवलं. मग पाटीखाली, दाराला टेकून, तो हळूहळू बोलू लागला. जव्हारचा स्टँड आला, तेव्हा म्हटलं, हा बघ स्टँड, इथं भजी चांगली मिळतात. मग लांबून शिरपामाळ दाखवला. म्हटलं, शाळेची सहल इथंच येते, तुझीही आली असती. मग उजाडू लागलं, मोखाडा मागं पडला, आणि ओढ्यावरच्या आंब्यांवर वाघळं परत येत होती. ड्रायव्हरला म्हटलं, जरा थांब. म्हटलं, जुई, नीट ऐक हं. ही तुझ्या आईची वाघळं.